ताईला विचारा : परदेशातले सण, काय धरायचं आणि काय सोडायचं

प्रश्न : ताई, आम्ही काही वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतोय. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी पार्टटाइम जॉब करते, मुलगी पहिलीत आहे. पुण्यात दिवाळी म्हणजे आठ दिवस घर भरलेलं असायचं. इथे दिवाळी मंगळवारी आली की ऑफिस, शाळा, मग सगळं शनिवारवर ढकलतो आणि तोपर्यंत उत्साहच संपतो. डिसेंबरात उलटं, दोन आठवडे सगळं बंद आणि आम्ही तिघंच टीव्ही बघत बसतो. मुलगी विचारते सगळ्यांकडे नाताळचं झाड आहे, आपल्याकडे का नाही. झाड आणलं तर सासूबाईंना आवडणार नाही, त्या म्हणतात आधी आपलं तरी नीट करा. मला दोन्ही अर्धवट वाटतं. नवीन काही सुरू करायचं तर कुठून करू?

उत्तर : अगं, पुण्याची आठ दिवसांची दिवाळी एका शनिवारी संध्याकाळी बसवायचा प्रयत्न आधी सोडून दे. त्यात तू दमतेस आणि मुलीच्या वाट्याला दमलेली आई येते. एकच गोष्ट तिथीला धर, मग मंगळवार असो की गुरुवार, ती चुकवायची नाही. माझं मत विचारशील तर अभ्यंगस्नान. कारण तुमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत उजाडायलाच सात-साडेसात होतात, म्हणजे सहाला उठलात तरी बाहेर मिट्ट काळोख असतो, तेल-उटणं, मोती साबण, गॅलरीत चार पणत्या, एक लाडू आणि मग शाळा. पुण्यात पहाटे चारचा गजर लावून जे करायचो ते तिकडे सहाला होतं. आणि त्या वेळी पुण्यात साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात, घरचे फराळाला बसलेले असतात, तेव्हाच सासूबाईंना व्हिडिओ कॉल लाव. ओल्या केसांची नात लाडू खाताना दिसली की 'आधी आपलं तरी नीट करा' हे वाक्य बऱ्यापैकी विरघळेल असं मला वाटतं.

बाकीचं खुशाल वीकेंडला कर आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कारण आपल्या परंपरेनेच ही सवलत दिलीय. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, चैत्राचं अक्षय्य तृतीयेपर्यंत, तुळशीचं लग्न कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावतात, गणपती कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे दहा. ज्यांनी हे ठरवलं त्यांना शेतीची कामं, पाहुणे, अडचणी सगळं माहीत होतं. तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत जो शनिवार-रविवार येईल त्यात लोकांना फराळाला बोलाव, ती दिवाळीच आहे.

आता मुलीसाठी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या राज्यात एक नोव्हेंबरच्या आसपास शाळांना शरद ऋतूची सुट्टी असते आणि एक नोव्हेंबर स्वतः सरकारी सुट्टी. २०२४ साली आपल्याकडचं लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवशी होतं. दरवर्षी असं जुळणार नाही, पण ती सुट्टी किल्ल्यासाठी राखून ठेव, दिवाळी थोडी आधी किंवा नंतर असली तरी चालेल. एखाद्या मोठ्या ट्रेमध्ये माती घालून घरातच करा. आपण किल्ल्यावर आळीव पेरायचो ना, तिकडे क्रेसे म्हणून बी मिळतं ते आळीवच, किंडरगार्टनची मुलं कापसावर पेरतात ते. चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं. आणि मावळे बाहेरून मागवू नकोस, सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेत चेस्टनटचा सडा पडतो, तिकडची मुलं त्याला टूथपिक टोचून माणसं करतात, तुझ्या मुलीलाही येत असतील, त्यांनाच मावळे करा! शिवाजी महाराजांची मूर्ती तेवढी पुढच्या खेपेला पुण्याहून आणा. असा किल्ला ना पुण्यात होतो ना तिच्या वर्गातल्या कुणाच्या घरी, तो तिचा स्वतःचा असेल, आणि मोठी झाल्यावर 'आमच्याकडे दिवाळीत' म्हणून ती हेच सांगेल.

कंदिलाचंही तसंच. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची मिरवणूक असते, मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत अंधारात फिरतात. २०२३ मध्ये ही मिरवणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. त्या कंदिलासाठी दुकानात छोटा दिवा लावलेली काठी मिळते, तीच आकाशकंदिलात वापरता येते. मुलीला घरी आकाशकंदील करू दे आणि तोच मिरवणुकीत न्यायचा असेल तर नेऊ दे. फटाक्यांचं म्हणशील तर मोठे फटाके तिकडे वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच विकायला असतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात, त्यामुळे दिवाळीत फुलबाज्यांवर भागवा आणि भुईनळे, चक्र ३१ च्या रात्रीसाठी ठेवा.

डिसेंबराबद्दल माझं सरळ मत आहे : झाड आणा. सासूबाईंना सांग की वसईचे मराठी ख्रिस्ती नाताळात करंज्या करतात, गोव्यात नाताळच्या फराळात नेवऱ्या असतातच. करंजी दोन्ही सणांत बसते तर तुमच्या घरात झाडाला जागा का नसावी? आणि तिकडच्या सगळ्याच प्रथा काही फार जुन्या नाहीत. आडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, चार रविवारी चार मेणबत्त्या लावायचं जे चक्र असतं ते हाम्बुर्गच्या योहान हिनरिख विखेर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये गरीब, निराधार मुलांच्या आश्रमात सुरू केलं, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या असं सांगतात. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी टिळकांनी १८९३ मध्ये रुजवला. कुणीतरी, कधीतरी, समोरच्या माणसांची गरज बघून सुरू करतं आणि मग ते टिकतं. तू पण करू शकतेस. मार्गशीर्षातले गुरुवार करत असशील तर बघ, ते साधारण याच दिवसांत येतात, बहुतेक वेळा चारच असतात. गुरुवारी घट आणि रविवारी मेणबत्ती, दोन्ही एकाच टेबलाजवळ खुशाल होऊ देत.

शेजाऱ्यांना दिवाळीचा फराळ नक्की दे. शंकरपाळी आणि नानकटाई आधी, चकली नंतर, आणि डब्यावर चिठ्ठी लाव शेंगदाणे आहेत का, काजू आहेत का, कारण ॲलर्जीची चौकशी तिकडे होतेच. आडव्हेंटमध्ये तिकडे घरोघरी बिस्किटं भाजून डबे भरून एकमेकांना देतात, त्यामुळे नोव्हेंबरात गेलेला डबा डिसेंबरात रिकामा परत येणार नाही.

२४ तारखेची संध्याकाळ तेवढी मोकळी सोडू नकोस, एकटेपणा तेव्हाच जास्त जाणवतो, दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद आणि रस्ते सुनसान. त्या रात्री कितीतरी जर्मन घरांत फक्त बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं, मुद्दाम साधं. तुम्ही पण एक साधा बेत ठरवा, खिचडी-कढी-पापड म्हण, आणि दरवर्षी तोच ठेवा. २५ किंवा २६ ला, दोन्ही दिवस सुट्टी असते, युनिव्हर्सिटीतल्या दोन-तीन मराठी मुलांना जेवायला बोलाव. होस्टेल रिकामं असतं, कॅन्टीन बंद असतं, ती पोरं हमखास येतील. तुझं घर भरेल, आणि मला वाटतं तुला खरं तर तेच हवंय.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. संक्रांत इथे भर उन्हाळ्यात येते, ३५ अंशांत काळे कपडे आणि बाजरीची भाकरी कशी करायची? मुलं हसतात.

उत्तर : हसू देत, त्यांचं बरोबर आहे. तीळ, गूळ, बाजरी, काळा रंग, हे सगळं थंडीसाठी आहे आणि तुमची थंडी जून-जुलैत येते. १४ जानेवारीला तिळगूळ वाटा आणि संध्याकाळी पतंग उडवा, शाळेला सुट्टीच असते आणि दिवसही मोठा असतो. काळे कपडे हवेच असतील तर पातळ सुती घाला. भोगीचा बेत मात्र जुलैच्या शाळेच्या सुट्टीत करा, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी, पावटा-हरभरा नाही मिळाला तर गाजर, वांगी, मटार चालतील. बाहेर कडाक्याची थंडी असताना ती भाकरी खाल्ली की बाजरी का ते मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही. दोनचार मराठी घरं मिळून करा, भाकऱ्या थापायला हात जास्त लागतात.