अब्बा-अम्मींना घेऊन उमरा: आधी मदिना, मग मक्का

ताई, अस्सलामु अलैकुम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. खेडहून अब्बा-अम्मी येणार, बर्मिंगहॅमहून तुम्ही नवरा आणि दोन पोरांना घेऊन निघणार, सगळे जेद्दाला भेटणार, त्याच रात्री मक्केत जाऊन उमरा (हजपेक्षा छोटी, वर्षात कधीही करता येणारी यात्रा), मग मक्केत पाच दिवस, मदिनेत तीन, आणि हे सगळं डिसेंबरच्या सुट्टीत नऊ दिवसांत. अब्बा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, शुगर आहे. धाकटा चार वर्षांचा. आणि तुम्ही विचारताय यात मक्केजवळचं डोंगरावरचं ताइफ शहर बसेल का.

ताइफ काढून टाका. आणि क्रम उलटा करा, आधी मदिना.

हे एवढं ठासून सांगतेय कारण आम्ही नेमकं तुमच्यासारखंच केलं होतं. घर सोडल्यापासून मक्केतल्या हॉटेलात पोचेपर्यंत जवळजवळ वीस तास झाले होते, अम्मींचे पाय सुजून चपलेत जात नव्हते, तरी एहराम (उमऱ्याचा पोशाख, आणि त्यासोबत येणारे नियम) बांधलाय तर आत्ताच उरकून टाकू म्हणून रात्री दोनला हरममधे, म्हणजे काबाच्या मशिदीत गेलो. तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्या, झाला. मग सई, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधलं चालणं, त्याच्या चौथ्या फेरीत अम्मी खाली बसल्या त्या उठेचनात. तीस वर्षं ज्या जागेसाठी रडत दुआ मागितली तिथे त्या म्हणाल्या, मला खोलीवर ने गं. तो आवाज अजून कानात आहे. शेवटी व्हीलचेअर मिळवून उरलेल्या फेऱ्या केल्या, पण त्यातली कुठलीही दुआ त्यांना आठवत नाही.

सफा ते मरवा एक फेरी साधारण ४५० मीटरची, अशा सात, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर, आणि ते तवाफच्या सात फेऱ्या झाल्यावर. वरच्या मजल्यावरून तवाफ केला तर गर्दी कमी मिळते पण एकेक फेरी कितीतरी लांब पडते. ७४ वर्षांच्या माणसाला हे प्रवासातून उतरल्या उतरल्या करायला लावू नका.

मदिनेला आधी गेलात तर विमानात एहरामची घाईच नाही, साध्या कपड्यात जायचं. तीन-चार दिवस मस्जिद-ए-नबवीत, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीत, शांतपणे नमाज, सपाट जमीन, चालायची सवय होते, झोपेचं गणित बसतं, पोरं पण रुळतात. मग निघताना मदिनावाल्यांच्या मीकातवर (ज्या हद्दीच्या पुढे उमऱ्याला एहरामशिवाय जायचं नसतं), जुल हुलैफाला, म्हणजे ज्याला ड्रायव्हर लोक अबियार अली म्हणतात, तिथे एहरामची नियत, म्हणजे मनाशी संकल्प, करायची आणि ताज्या अंगाने मक्केत शिरायचं. जाताना मदिना आणि येताना जेद्दा असं तिकीट काढा. मदिनेला उतरणारी विमानं दोन्हीकडून मिळतात, एखादा स्टॉप पडला तरी चालेल.

मदिना ते मक्का साधारण ४५० किलोमीटर. बसने पाच-सहा तास, २०१८ मधे सुरू झालेल्या हरमैन ट्रेनने अडीच तासाच्या आत. अब्बांसाठी ट्रेनच घ्या, फक्त एक लक्षात ठेवा, ट्रेन मीकातवर थांबत नाही. म्हणजे एकतर हॉटेलात आंघोळ करून एहराम बांधायचा आणि मीकात ओलांडण्याआधी नियत करायची, किंवा टॅक्सीने आधी जुल हुलैफाला जाऊन, दोन रकात नमाज पढून मग स्टेशनवर यायचं. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टॅक्सीवालं केलं. जरा धावपळ झाली पण अम्मींना ती मस्जिद बघायची होती.

मस्जिद-ए-नबवीतल्या रियाजुल जन्नत या खास जागेसाठी नुसुक या सौदी सरकारी अ‍ॅपवर स्लॉट लागतो, बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि प्रत्येकाचं वेगळं बुकिंग. अब्बा-अम्मींना ते जमणार नाही, त्यामुळे व्हिसा हातात आला की तुम्हीच त्यांची अकाउंट उघडा. व्हिसाचं म्हणाल तर तुम्ही ब्रिटिश पासपोर्टवाले, टुरिस्ट ई-व्हिसावर उमरा चालतो, हज चालत नाही. अब्बा-अम्मींचा उमरा व्हिसा मुंबईच्या एजंटकडून. मेनिंजायटिसची लस पोचायच्या किमान दहा दिवस आधी झालेली हवी, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

हॉटेल हरमपासून ५०० मीटर असं एजंट सांगतो तेव्हा त्याला विचारा की कुठल्या गेटपासून आणि रस्ता चढाचा आहे का, कारण मक्का डोंगरात वसलंय आणि परत येताना चढ लागला तर गुडघे बोलायला लागतात. हिशोब करा ना, ५०० मीटर जाऊन-येऊन एक किलोमीटर, पाच नमाजा म्हणजे रोज पाच किलोमीटर, उमरा सोडून. नमाज सुटल्यावर लिफ्टसमोर अर्धा तास उभं राहावं लागतं ते वेगळं. पैसे कुठे घालायचेच असतील तर मक्केतल्या जवळच्या हॉटेलात घाला, मदिनेत थोडं लांब चालतं.

आता एक गोष्ट जी पॅकेजवाले सांगत नाहीत, कारण त्यांचे बहुतेक लोक हनफी मजहबाचे, म्हणजे त्या धर्मनियमांच्या परंपरेचे असतात. आपण कोकणी लोक शाफई. तवाफला वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुऊन येणारी शुद्धी) लागतो, आणि आपल्या मजहबात नवरा-बायकोचा हात एकमेकांच्या त्वचेला लागला तरी वजू जातो, परक्या स्त्री-पुरुषाचा एकमेकांना लागला तरी जातो. मताफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या अंगणातल्या, गर्दीत हे टाळणार कसं? बरेच उलमा (धर्माचे जाणकार) तवाफपुरतं हनफी मतावर चालायची सवलत देतात, पण ते घरी असतानाच आपल्या मौलानांना विचारून घ्या, तिथे तिसऱ्या फेरीत नवऱ्याचं तोंड बघत उभं राहू नका. आम्ही काय केलं, नवऱ्याच्या खांद्यावरच्या चादरीचं टोक मी मुठीत धरलं आणि सात फेऱ्या ते सोडलं नाही. बायकांनी लांब बाह्या आणि मोजे घालायचे, पुरुषांना एहराममधे मोजे चालत नाहीत.

आणि पाळीचा विचार तारखा ठरवतानाच करा, लाजू नका. पाळीत एहरामची नियत करता येते पण तवाफ करता येत नाही, पाक होईपर्यंत थांबावं लागतं. मक्केत दोनच दिवस असतील आणि तारीख पुढेमागे झाली तर उमरा अडकतो. गोळ्या घ्यायच्या असतील तर दोन महिने आधी डॉक्टरशी बोला. मदिना आधी ठेवण्याचा इथे पण फायदा होतो.

अब्बांची शुगर आहे म्हणून पायांची खास काळजी. अनवाणी इतकं चालून टाचेला भेग पडली की भरत नाही. बोटं आणि टाच उघडी राहील अशी मऊ रबराची नवी स्वच्छ चप्पल फक्त तवाफ-सईसाठी वेगळी ठेवा. मांड्या घासून सोलवटतात, ही तक्रार पुरुष कुणाला सांगत नाहीत, बिनवासाचं व्हॅसलीन आधीच लावायला द्या. एहराममधे सुगंध चालत नाही म्हणून साबण पण बिनवासाचा. औषधं हातातल्या बॅगेत, केस कापायची छोटी कात्री मोठ्या बॅगेत. धाकट्याच्या मनगटावर तुमचा नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेला पट्टा, पहिल्या दिवसापासून.

तारखांचं म्हणाल तर डिसेंबरमधे हवा छान असते, मदिनेत रात्री शाल लागते, पण यूकेची अर्धी मस्जिद तिथेच भेटते. पर्याय म्हणून फेब्रुवारीची हाफ टर्म (शाळेची मधली सुट्टी) बघत असाल तर २०२७ ची रमजानमधे जातेय, आणि म्हाताऱ्यांना घेऊन रमजानमधे मी जाणार नाही. ऑक्टोबरची हाफ टर्म विचारात घ्या.

मक्केत जियारतला, म्हणजे पवित्र ठिकाणं बघायला, एकच सकाळ ठेवा. मिना, मुजदलिफा, अरफात ही हजची ठिकाणं गाडीतून दाखवा, जबल-ए-नूर डोंगर खालूनच. त्यावरच्या हिरा गुहेचा चढ अब्बांना नको. मदिनेत कुबा मस्जिद मात्र चुकवू नका, ती जवळ आहे आणि अम्मींना फार आवडेल. बाकीचे दिवस रिकामे सोडा. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजेनंतर काबा दिसेल अशी जागा धरून नुसतं बसायचं, पोरांना खजूर द्यायचे, मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंत, हलायचं नाही. आमच्या आजोबांनी मुंबईहून जहाजाने हज केला होता, ते समुद्रातले दिवस दुआ पाठ करण्यात जायचे असं ते सांगायचे. १९९५ नंतर जहाज बंद झालं, आपण काही तासांत पोचतो, म्हणून तो वेळ आपल्यालाच काढून ठेवावा लागतो.

आजच खेडला फोन करा. फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) अब्बांनी रोज वीस मिनिटं चालायला सुरुवात करू दे, पंधरा दिवसांनी चाळीस. व्हीलचेअर नको असं ते म्हणतीलच, आमचे पण म्हणाले होते. त्यांना सांगा, तवाफ पायी करू, सईला खुर्ची घेऊ. एवढ्यावर बहुतेक जण तयार होतात.

काबा पहिल्यांदा नजरेला पडेल तेव्हा दुआमधे आम्हाला पण आठवा.