कर्ज फिटणं शक्य नसेल तर दिवाळखोरीचा अर्ज कुठे करायचा, आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: इचलकरंजीत ८ यंत्रमाग, निम्मे खर्चीवर (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने) आणि निम्म्यांवर स्वतःचं कापड. कापडाचा भाव पडला, माल अडकला. घरावर सहकारी बँकेचे ९ लाख, त्या कर्जाला पत्नी सहकर्जदार. पतसंस्थेचे ४ लाख, जामीनदार मेहुणे. सूत व्यापाऱ्याचे ३ लाख, त्याला दिलेला चेक परत गेला आहे. सावकाराचे २ लाख, महिना ५ टक्क्यांनी. शिवाय मोबाइलच्या ॲपवरून घेतलेले ८० हजार. घर पत्नीच्या नावावर करून दिवाळखोरी जाहीर करावी का, असं तुम्ही विचारता. रात्री नको ते विचार येतात, हेही लिहिलंय.

मी कोल्हापूरला दिवाणी बाजूने वकिली करते. कायद्याकडे वळण्याआधी शेवटच्या वाक्याचं बोलू. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. आज फोन करा. तुम्ही नसलात म्हणून कर्ज नाहीसं होत नाही. घर गहाणच राहील आणि सहकर्जदार म्हणून बँकेच्या सगळ्या नोटिसा पत्नीला एकटीला घ्याव्या लागतील. तुम्हाला अटकेची भीती घातली जात असेल, तर नुसतं पैसे देता येत नाहीत म्हणून दिवाणी हुकूमनाम्यात, म्हणजे पैसे द्या अशा दिवाणी कोर्टाच्या आदेशापोटी, तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून मुद्दाम बुडवतोय, हे समोरच्याला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच सांगितलं आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. चेकचं प्रकरण मात्र वेगळं, ते खाली सांगते.

आता मूळ प्रश्न. हो, माणसाला दिवाळखोर घोषित करून घेता येतं. पण ते आपण जाहीर करायचं नसतं, कोर्ट जाहीर करतं. वर्तमानपत्रात नोटीस देऊन किंवा स्टॅम्पपेपरवर लिहून काही होत नाही. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिच्याबद्दल वाचून बरेच जण थेट पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला निघतात. त्या संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. जुने कायदे रद्द करणारं कलम अंमलात आलेलंच नाही, त्यामुळे व्यक्तींनी जुन्याच कायद्याखाली जावं, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये केला होता. म्हणून मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय, तर उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा आणि जिल्हा न्यायालय, अशी आजची स्थिती आहे. तुमचा नादारीचा अर्ज कोल्हापूर जिल्ह्यातच होईल.

अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपये हवं. आकडा १९२० चा आहे, तो कुणी वाढवला नाही. अर्जात प्रत्येक धनकोचं, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याचं, नाव, पत्ता, रक्कम लिहायची, आपली सगळी मालमत्ता लिहायची, आणि ती कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे असं म्हणायचं. कोर्टाने घोषित केलं की मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. तो ती विकून धनकोंना हिश्श्याने वाटतो. त्यानंतर तारण नसलेल्या कोणत्याही साध्या धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो. घरातली भांडीकुंडी, कपडे, अंथरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या जप्तीपासून वगळलेल्या वस्तूंना हात लावता येत नाही.

इथवर वाचून बरं वाटेल, पण तुमच्या यादीतली मोठी कर्जं या छत्रीखाली येतच नाहीत. घर गहाण घेतलेली बँक तारण विकायला मोकळीच राहते, नादारीचा आदेश तिला थांबवत नाही. तुम्ही कर्जमुक्त झालात तरी जामीनदार मोकळा होत नाही, त्यामुळे पतसंस्था मेहुण्यांच्या दारात जाईलच. सरकारची देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगीही सुटत नाही. चेकचा खटला फौजदारी आहे, तो चालूच राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या बाबतीत नादारीचा अर्ज हे पहिलं पाऊल नाही. आधी प्रत्येक कर्ज वेगळं काढून त्याच्या त्याच्या कायद्याने हाताळा. तरीही जे फिटणार नाही ते उरलं, तर मग न लाजता अर्ज करा.

घर पत्नीच्या नावावर? अजिबात करू नका. ते गहाण आहे, त्यामुळे बँकेला काहीच फरक पडत नाही. आणि पुढे नादारीत गेलात तर अर्जाआधीच्या २ वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. मालमत्ता लपवली तर शिक्षा आहे. सर्वांत वाईट म्हणजे, शेवटी कर्जातून मुक्तता मागताना तुमचा प्रामाणिकपणा हाच तुमचा आधार असतो, आणि तोच त्या एका बक्षीसपत्राने गेलेला असतो. आधी एखाद्या नातेवाइकाचे हातउसने फेडून मग अर्ज करू, असंही कुणी सुचवेल. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एकाला झुकतं माप दिलं तर तेही उलटवलं जातं.

सगळ्यांत घाईचं काम चेकचं. चेक परत गेल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याने नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात, त्यानंतर महिनाभरात तो फिर्याद करू शकतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस घ्यायचं टाळू नका, पत्ता बरोबर असेल तर टाळूनही ती बजावली असंच धरलं जातं. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, आणि सूत व्यापारी सहसा वर्षानुवर्षं तारखा घालण्यापेक्षा हप्त्यांना तयार होतात. ॲपचा हप्ता खात्यातून आपोआप कापायची मंजुरी दिली असेल आणि तो शिल्लक नसल्याने परत गेला, तर त्यालाही चेकसारखीच कारवाई लागू होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पतसंस्थेकडे तर लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि तिथेच जास्त अडकतात. पतसंस्था दिवाणी दावा लावत बसत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्याची नोटीस येते, कर्जदार म्हणतो बघू नंतर, जामीनदार म्हणतो माझं काय, आणि दोघेही गैरहजर राहतात. दाखला निघतो. मग वसुली अधिकारी जप्तीला येतो तेव्हा सगळे वकिलाकडे धावतात. त्या वेळी पुनरीक्षण, म्हणजे दाखल्याची वरून फेरतपासणी, मागायची तर वसूल होण्याजोग्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. हातात दमडी नसलेल्या माणसाला ते दार बंदच असतं. म्हणून १०१ ची नोटीस आली की तुम्ही आणि मेहुणे दोघांनी हजर राहा, लेखी म्हणणं द्या, खातेउतारा मागा, व्याज आणि दंडव्याज कसं लावलं ते तपासा. चुकीचं लावलेलं व्याज तिथेच खोडून काढता येतं, आणि एकरकमी परतफेडीची बोलणीही त्याच टप्प्यावर सोपी असतात.

बँकेचं घर. सहकारी बँकांना सरफेसी कायदा (कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा) वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. पहिली नोटीस ६० दिवसांची असते. तिला लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांच्या आत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही. पण त्याच्याही आधी, आजच, बँकेला एकरकमी तडजोडीचं किंवा हप्ते वाढवून देण्याचं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याची बँकेच्या दप्तरात नोंद राहत नाही. काही माग विकून किंवा घर स्वतः विकून कर्ज मिटवता येत असेल तर तोही हिशोब करा. लिलावापेक्षा मालकाने केलेल्या विक्रीत भाव बहुधा चांगला मिळतो. मागही कुठे तारण असतील तर आधी त्या धनकोची लेखी संमती घ्या.

सावकाराचं ऐकून मला राग आला. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. परवानाच नसेल तर २०१४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा. अशा सावकाराला कोर्टातून हुकूमनामाही मिळत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. आतापर्यंत किती दिलं याचे फोन-पेचे उतारे, व्हॉट्सॲपचे निरोप, वहीतल्या नोंदी, काहीही फेकू नका. त्याने कोरे चेक किंवा सह्या केलेले स्टॅम्प घेतले असतील तर तक्रारीत आवर्जून लिहा.

ॲपवाल्यांचे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर येता कामा नयेत, नातेवाइकांना फोन करून बदनामी करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोटो बदलून धमकी आली तर १९३० वर सायबर तक्रार.

आता वकील. फी नाही म्हणून वकील नाही, अशी वेळ तुमच्यावर येऊ नये, त्यासाठी १९८७ चा कायदा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर मोफत वकील मिळतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही प्राधिकरण करतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे तुमचं उत्पन्न कागदावर जास्त दिसलं तरी सहकर्जदार असलेल्या पत्नीला स्वतःच्या नावाने मोफत वकील मागता येतो. हा मार्ग मी मुद्दाम सांगते, कारण तो फार थोडी कुटुंबं वापरतात. १५१०० वर फोन करूनही सुरुवात करता येते. नेमलेला वकील पटला नाही, तारखांना येत नसेल, तर बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तर जा, पण सही जपून करा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. महिना १५ हजार भरता येणार नाहीत हे माहीत असताना साहेबांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून मान डोलावणारी माणसं मी पाहिली आहेत. जमेल तोच आकडा सांगा, नाही जमला तर तडजोड करायची सक्ती नाही. आणि ‘हप्ते थांबवा, आम्ही सगळी कर्जं निम्म्यात मिटवतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या कुठल्याही एजन्सीला एक रुपया देऊ नका. त्यांना कोर्टात उभं राहण्याचा अधिकार नसतो, आणि तुमच्या मुदती मात्र तोवर निघून जातात.

एवढं करूनही नादारीचा अर्ज करायची वेळ आली, तर एक गोष्ट वकिलाकडून पहिल्याच दिवशी पक्की करून घ्या. घोषणेच्या आदेशात कोर्ट मुक्ततेचा अर्ज करायला मुदत घालून देतं. ती चुकली तर घोषणाच रद्द होऊ शकते आणि मग परवानगीशिवाय दुसरा अर्ज करता येत नाही. आदेश मिळाला, धनको गप्प झाले, की लोक पुढची तारीख विसरतात. मुक्ततेच्या वेळी कोर्ट तुमच्या वह्या पाहतं. हिशोब ठेवला होता का, बुडतोय हे कळूनही उधारी वाढवली का, सट्टा-जुगार होता का. सूत खरेदीची बिलं, खर्चीच्या नोंदी, वीजबिलं एका फाइलला लावायला आजच घ्या. मुक्तता मिळेपर्यंत समोरच्याला सांगितल्याशिवाय ५० रुपयांचीही उधारी करता येत नाही, कंपनीचा संचालक होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. मुक्तता मिळाली की ही बंधनं संपतात, आणि पुन्हा माग लावायला कायद्याची आडकाठी नाही.

प्राधिकरणात जाताना आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटांसकट न्या. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून तुमची मुदत मोजायला मदत होते. चेकची नोटीस आली असेल तर उद्याच जा, बाकीचे कागद नंतर देता येतील.