खलबत्ता आणि दुपारचे साडेबारा

"ताई, मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. लक्ष लागत नाही, एडीएचडी आहे म्हणून डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेटची दिवसभर असर राहणारी गोळी सुरू केली, त्याला तीन महिने झाले. सकाळी सातला देते. गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून. टीचर म्हणतात, आता शांत बसतो, शेवटच्या तासालाच चुळबुळ करतो. पण हसत नाही, चित्रं काढत नाही, डबा भरलेला परत येतो. साडेबाराला घरी आला की दप्तर आपटतो, बहिणीला मारतो. सासूबाई म्हणतात, 'पोट्ट्याला पागलाच्या गोळ्या देऊन बिघडवलं.' बंद करू का?"
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

ताई, तुमचं पत्र वाचताना मी 'कुटून' या शब्दापाशी थांबले.

दिवसभर चालणारी गोळी औषध हळूहळू सोडेल अशी बनवलेली असते. ती कुटली, चावली, की बराचसा डोस एकदम अंगात जातो. मग सकाळी मूल गप्प, विझल्यासारखं होतं आणि तीन-चार तासांत असर उतरतो. उतरताना चिडचिड, रडारड, मारामारी उफाळून येते. डॉक्टर त्याला रिबाउंड म्हणतात. शेवटच्या तासाची चुळबुळ आणि साडेबाराचं दप्तर यांचं मूळ तिथंच असेल, असं मला फार वाटतं. कडू औषध मधातून देणं तर आपल्या आज्यांनीच शिकवलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, यात तुमची काय चूक?

तेव्हा आता कुटू नका आणि पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. "मी कुटून देत होते" हे स्पष्ट सांगा, लाजू नका. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता खाता येतात. तशी मिळेल का, डोस बदलायचा का, हे तेच ठरवतील. नीट दिलेल्या गोळीवरही मूल विझलेलंच राहिलं, तर डोस जास्त होत असेल किंवा हे औषध त्याला मानवत नसेल. दुसरी औषधं आहेत. पण बंद करायचं ते त्यांना विचारूनच.

तोवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज चार शब्द लिहा: गोळी किती वाजता, डबा किती खाल्ला, किती वाजता चिडला, झोप कधी लागली. ते पानच डॉक्टरांना दाखवा. वजन-उंचीही मोजून घ्या, कारण या औषधाने भूक मरते. सकाळी गोळीच्या आधी पोटभर पोहे, पराठा, जे आवडेल ते द्या. घरी आला की अभ्यासाचं नाव काढण्याआधी ताट वाढा. पाच तासांचा उपाशी जीव आहे तो. बहिणीला त्या अर्ध्या तासात दुसऱ्या खोलीत बसवा.

मरणाचं बोलू लागला, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री मनाच्या त्रासाबद्दल कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या. नातवाची काळजी त्यांनाही आहे, डॉक्टरांकडून ऐकलेलं त्यांना पटेल. आणि तुमच्या लेकाला एकदा निवांतपणे विचारा, "गोळी घेतल्यावर आतून कसं वाटतं रे?" तीन महिन्यांत हे त्याला कुणीच विचारलं नसावं. तो जे सांगेल, तेही कॅलेंडरवर त्याच्याच शब्दांत लिहा.