सौर पॅनेल घेण्याआधी सावली मोजा

किती किलोवॉटची यंत्रणा घ्यावी, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आधी मागील १२ महिन्यांची वीजबिले समोर मांडावीत आणि एका निरभ्र दिवशी सकाळी ९, दुपारी १२ व ३ वाजता गच्चीवर जाऊन सावलीच्या कडा खडूने आखून ठेवाव्यात. पाण्याच्या टाकीची हातभर सावलीही क्षुल्लक समजू नये. पॅनेलमधील सेल (उन्हापासून वीज बनवणारे छोटे चौकोन) एकापुढे एक जोडलेले असल्याने एखादा झाकला गेला तरी त्याच्या ओळीतील इतरांचाही प्रवाह रोडावतो. (हे मी पॅनेल बसल्यानंतर शिकलो.) हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे सावल्या आणखी लांबतात.

पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. उन्हात ते त्याहून बरेच तापत असल्याने कागदावरचा आकडा गच्चीवर क्वचितच दिसतो. गच्ची गळत असेल, तर तिची दुरुस्ती आधी.

बॅटरी नसलेली, ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) जोडलेली नेहमीची यंत्रणा वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते, म्हणजे भर उन्हातही पंखा फिरत नाही. तेव्हा वीज जाण्याच्या त्रासापोटीच हा खर्च करणार असाल, तर बॅटरीचा हिशेब प्रथम मांडावा.