जुना सेफ्टी रेझर विकत घेताना काय पाहावं आणि तो साफ कसा करावा?

आधी पाहा ब्लेड कुठलं लागतं. दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड बसणाराच घ्या, ते आजही सहज मिळतं.

मुलामा थोडा उडाला असेल तर घाबरू नका, खाली बहुधा पितळ असतं. खरी भीती दांड्याला गेलेल्या चिरेची आणि वाकलेल्या डोक्याची. ब्लेड बसवून दोन्ही बाजूंना सारखीच धार बाहेर येते का, हे बघा. मूठ फिरवून उघडणाऱ्या रेझरच्या डोक्यावर ब्लेड झाकणारी दोन दारं असतात, ती नीट मिटायला हवीत. ती वाकली असतील तर सोडून द्या, घरी सरळ करणं फार अवघड. 1951 पासूनच्या बहुतेक अमेरिकी जिलेटवर डोक्याखाली वर्षाचं अक्षर आणि तिमाहीचा आकडा असतो, त्यावरून रेझर कधी बनला ते कळतं.

साफसफाईत घाईच नडते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून अर्धा तास ठेवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने घासा. साबणाचा पांढरा थर यानेच निघतो. व्हिनेगर, ब्लीच, तारेची घासणी नको, विशेषतः सोनेरी मुलाम्यावर. तो अगदी पातळ असतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि फिरत्या भागात मिनरल ऑइलचा एक थेंब सोडा.