रेशन, वजन आणि अर्थशास्त्राची पदवी

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. रेशनच्या धान्यामुळे लोकांचं खाणं कसं बदलतं, लठ्ठपणाशी त्याचा काही संबंध आहे का, यावर तिला संशोधन करायचंय. हे काम आहारतज्ज्ञांचं नाही का? दहावीनंतर तिने गणित सोडलं आहे. पुढे नोकरी मिळेल का? — एक आई, कळवा

उत्तर : ताई, काय खावं हे आहारतज्ज्ञ सांगतात. हातातल्या पैशांत माणसं प्रत्यक्षात काय विकत घेतात आणि का, हा प्रश्न अर्थशास्त्राचा. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो रोज माणशी २२५० कॅलरी धरूनच. तेव्हा काळजी अर्धपोटी राहण्याची होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचं वजन कमी भरलं आणि २४ टक्क्यांचं जास्त. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना, म्हणजे त्या गटाचं रेशनकार्ड असलेल्या घरांना, माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, २०२३पासून मोफत. त्यातून वाचलेले पैसे डाळ-अंड्यांकडे जातात की फरसाण-बिस्किटांकडे? तुमच्या मुलीने फार मोलाचा प्रश्न धरला आहे.

तो अवघडही आहे. रेशन घेणाऱ्यांची वजनं न घेणाऱ्यांशी नुसती ताडून पाहिली तर फसगत होते, कारण रेशन घेणारी घरं मुळातच वेगळी असतात: मिळकत कमी, काम अंगमेहनतीचं, खोली लहान. मग फरक रेशनमुळे पडला की गरिबीमुळे, हे कसं ओळखायचं? अमेरिकेत फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना अन्न घेण्यासाठी सरकारी कूपनं देण्याची, योजना १९६१ ते १९७५ या काळात एकेका काउंटीत (तिथल्या जिल्ह्यात) टप्प्याटप्प्याने पोचली. हिलरी हॉइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस आमंड या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका त्याचा उपयोग केला. जिथे योजना लवकर आली तिथली मुलं मोठेपणी कशी आहेत ते त्यांनी पाहिलं. लहानपणी मदत मिळालेल्यांमध्ये लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह यांचं एकत्रित प्रमाण कमी निघालं. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. सरकारी मदतीने माणसं लठ्ठ होतात असं सहज बोलणाऱ्यांना हे दाखवायला हवं. असा विचार करायला आपल्याकडे बीएला क्वचितच शिकवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून गणिताकडे पाठ फिरवून चालणार नाही. या वर्षात तिने कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) सुरुवात, संख्याशास्त्र आणि आकडेवारी तपासण्याची ‘आर’ ही संगणकप्रणाली, एवढं तरी शिकावं. ‘आर’ फुकट मिळते. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या घरगुती खर्च पाहणीची मूळ आकडेवारीही संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येते. त्यातून महाराष्ट्रातल्या शहरी घरांचा तेल, साखर, डाळी आणि तयार खाद्यपदार्थांवरचा खर्च वेगळा काढून तिने दहा पानी टिपण लिहावं. सोबत कळव्यातल्या रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहून बायकांशी बोलावं. कोणता आकडा शोधायचा हे तिथेच कळेल.

एमएसाठी गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला अर्थशास्त्र विभाग आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था पाहा. गोरेगावची प्रवेश परीक्षा गणिताची कसून परीक्षा घेते. आरोग्याच्या बाजूने जायचं असेल, तर वर सांगितलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करणारी संस्था देवनारला आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगते. सुरुवात बहुधा संशोधन सहायक म्हणून, ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर होते आणि पगार बेताचा असतो. पीएचडीची वर्षं घराला सोसावी लागतात. ती तयारी आहे का, हे तिच्याशी बसून बोला. मात्र एमए झालं की केंद्र लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते. या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते आणि वयाची अट २१ ते ३० आहे.