जळगावचं सिव्हिल चिंचोलीच्या संकुलात न्यायला शहराने पाठिंबा द्यावा का? एका धुळेकराचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावचं सरकारी रुग्णालय, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत, फिजिओथेरपी असं सगळं शहराबाहेर चिंचोलीच्या एकाच संकुलात नेण्याला मनपाने आणि शहराने पाठिंबा द्यावा का, आणि धुळ्याने हे आधी भोगलंय तर तिथलं कोणी सांगेल का.

भोगलंय हा शब्द जरा जड झाला. आमचं निम्मं भलं झालं आणि निम्मा वनवास. तरी उत्तर आधी देतो: पाठिंबा द्या, फक्त कोऱ्या कागदावर सही करू नका.

मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळांमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेली. त्यामुळे रुग्णालयाकडे मी नमुन्याच्या बाटलीच्या नजरेतून बघतो. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एका छताखाली असली की बाटली दहा मिनिटांत टेबलावर येते. वॉर्ड एकीकडे, प्रयोगशाळा दुसरीकडे आणि रक्तपेढी तिसरीकडेच असली की तीच बाटली कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात, मोटरसायकलवर, मे महिन्याच्या 45 अंशांत हिंडते. पोहोचेपर्यंत रक्तातल्या पेशी फुटलेल्या असतात, मग आम्ही चिठ्ठीवर लिहिणार, 'नमुना पुन्हा पाठवा'. तिकडे पेशंटच्या दंडात परत सुई. रक्ताची पिशवी आणायची वेळ आली की नातेवाईक थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलेला. अशी माणसं मी नोकरीत किती पाहिली याला मोजदाद नाही.

त्याहून वाईट घरातलं. माझ्या भाचीचं बाळंतपण एका शहरात झालं, नाव सांगत नाही. बाळ वजनाला कमी, श्वासाला धाप. तिथे काचेत ठेवायची सोय नव्हती म्हणून बाळाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात हलवलं. भाचीचे टाके ओले, ती इकडेच. पुढचे नऊ दिवस आमचे जावईबापू स्टीलच्या छोट्या डब्यात दूध घेऊन दर तीन तासांनी या टोकाहून त्या टोकाला जात होते. बाळ जगलं, आता शाळेत जातं. पण त्या नऊ दिवसांत कोणी मला विचारलं असतं की रुग्णालयं एका आवारात आणावीत का, तर मी दोन्ही हात वर केले असते. बाळंतीण, बाळाची काच, रक्तपेढी, भूल देणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचं टेबल ही पाच ठिकाणं एकमेकांपासून पायी अंतरावर हवीत. एकत्र संकुलाच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठं कारण नाही. ऑक्सिजनची टाकी, एमआरआय, निर्जंतुकीकरण, जनरेटर, धुलाई यांचा खर्चही वाटला जातो. त्याबद्दल सरकारी कागदात भरपूर वाचायला मिळेल, मी सांगत बसत नाही.

आता आमच्या वनवासाकडे येतो. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 चं. रुग्णालय बरीच वर्षं साक्री रोडला, गावात. नंतर ते गावाबाहेर चक्करबर्डीला, महाविद्यालयाच्या मोठ्या आवारात गेलं. जागा मोकळी, इमारत प्रशस्त. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात मिळतात, अपघात तर रोजचेच. त्या जखमींची ॲम्ब्युलन्स आता गावात न शिरता थेट पोहोचते, हे नाकारून चालणार नाही.

पण माझे मामेसासरे पिंपळनेरकडचे. त्यांचा साखरेचा आजार जुना. एसटीत बसायचं, कंडक्टरला 'सिव्हिल' म्हणायचं, साक्री रोडला दारात उतरायचं, कागद काढायचा, औषध घ्यायचं आणि दुपारच्या गाडीने परत. सोबत फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. रुग्णालय हलल्यावरही एकदा ते सवयीने जुन्याच दारात उतरले आणि चहावाल्याला विचारू लागले, "दवाखाना कथा गया भो?" तो किस्सा आम्ही लग्नाकार्यात अजून सांगतो. हसू येतं खरं, पण त्या दिवशी औषध फुकट आणि रिक्षाचे पैसे गाठीचे, असा त्यांचा हिशेब झाला. एकत्र आणल्याने रुग्णालयाचं अंतर कमी होतं आणि पेशंटचं वाढतं. अपघातातल्या जखमीला ते अंतर जाणवत नाही, त्याला 108 आणते. ते जाणवतं दर महिन्याला गोळ्या न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्याला, आणि वॉर्डाबाहेर पाच-सहा रात्री काढणाऱ्या त्याच्या म्हातारीला.

तुमच्या जिल्हा पेठेतल्या सिव्हिलला नव्या बस स्थानकावरून माणूस चालत येतो. चिंचोली अजिंठा रस्त्यावर, एमआयडीसी ओलांडून पुढे. जामनेरकडून येणाऱ्याला ती बरी पडेल. पण चोपडा-यावलचा माणूस आधी जळगावात उतरणार आणि मग पुढची गाडी शोधणार.

धुळ्यात शेवट काय झालं? साक्री रोडच्या जुन्या जागी जिल्हा रुग्णालय पुन्हा सुरू झालं. 2020 च्या कोरोनात दोन्ही ठिकाणं कामाला आली. त्याच वर्षी जळगावात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक: अख्खं सिव्हिल कोविडसाठी राखलं आणि बाकीच्या आजारांच्या लोकांना भुसावळ रस्त्यावरच्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावं लागलं. सगळं एका आवारात नेलं आणि उद्या ते आवार कशासाठी तरी बंद करावं लागलं, तर दुसरं दार कुठलं, हे आजच विचारून ठेवा.

आता एक गोष्ट, जी सभेत कोणी बोलत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथला प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे अधिष्ठाता. पाटी बदलली की मालक बदलतो. 2018 मध्ये जळगावला महाविद्यालय सुरू झालं तेव्हा सिव्हिल त्याच्याकडे गेलं ते असंच. पेशंटला वाटतं, आपल्याला काय त्याचं? तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत केले, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. दोन्हीकडे भिंत सरकारीच, पण केसपेपरच्या खिडकीवर फरक पडतो. म्हणून 'सगळं एकत्र' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारा, की एकत्र झाल्यावर सही कोणाची चालणार? एकाच आवारात दोन साहेब असले तर एक्स-रेच्या फिल्मसाठी पत्रव्यवहार कसा चालतो ते मी पाहिलंय. पेशंट तोवर स्ट्रेचरवर.

भिंती न हलवताही एकत्र येता येतं, हेही लक्षात असू द्या. मुंबईत जे.जे., सेंट जॉर्ज, जी.टी. आणि कामा ही चार रुग्णालयं वेगवेगळ्या जागी राहून वर्षानुवर्षं एकाच ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेली होती. अर्थात तिथे लोकल आहे. आपल्याकडे रिक्षावाला मीटर टाकत नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नका.

तर मनपाच्या महासभेत पाठिंब्याचा ठराव येणार असेल तर त्यात तीन ओळी जास्तीच्या घालायला लावा. जिल्हा पेठेतल्या जुन्या जागी अपघात विभाग, बाळंतपण आणि रोजची ओपीडी सुरूच राहील, ही पहिली. यातलं बाळंतपण मी सांगितलेल्या पाचही गोष्टींसकट, नाहीतर नुसतंच तपासून पुढे पाठवण्याचं केंद्र होईल आणि माझ्या भाचीची गोष्ट तुमच्याकडे घडेल. दुसरी ओळ बसची. नव्या बस स्थानकावरून आणि रेल्वे स्टेशनवरून संकुलात जाणारी गाडी पहिल्या दिवसापासून हवी, आणि रात्रीचीही, कारण वॉर्डातला माणूस रात्रीच जास्त लागतो. तिसरी ओळ नातेवाइकांची: झोपायला छप्पर, संडास-बाथरूम, पिण्याचं पाणी आणि स्वस्त जेवण. गावातल्या रुग्णालयाबाहेर हे सगळं टपऱ्या आणि खानावळी आपसूक पुरवतात, माळरानावर ते कोणी पुरवत नाही. आमच्याकडे ही तिसरी ओळ वेळेवर कोणाला सुचली नाही, मलाही नाही. मी तेव्हा नव्या प्रयोगशाळेत एसी मिळणार की नाही याच्याच चौकशीत होतो.

तुम्ही खाली विचारलंय की जुन्या जागेचं पुढे काय होणार. मोक्याची जागा आहे, नजरा असणारच. नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कशाचं आहे ते बघून या आणि उताऱ्याची प्रत घ्या. मामेसासरे आता साक्री रोडलाच उतरतात, जिल्हा रुग्णालयात. परवा विचारलं तर म्हणाले, दार तेच आहे, फक्त चहावाला बदलला.